परक्याच्या ट्रॅक्टरवर बसू नये

"तुम्ही न्याय करायला बसलाच नाहीत, मामंजी. निकाल खिशात घालूनच बसलात. आम्हाला बोलावलंत ते आमचं ऐकायला नाही, आम्हाला ऐकवायला."

धाकटीने हे उभ्याने म्हटलं, आणि म्हणून झाल्यावरही ती बसली नाही. या घरात सासऱ्यासमोर सुनेचा आवाज आजवर 'चहा ठेवू का' यापलीकडे गेला नव्हता. त्यामुळे बाहेरच्या खोलीत जी शांतता पसरली ती रागाची नव्हती, नवलाची होती.

आबा खुर्चीत होते. आबा म्हणजे या घरातलं सरकार; निवडून आलेलं नाही, म्हणून पडायची भीतीही नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. खिशात हात घातला, नव्या ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि मधल्या टेबलावर ठेवली. निकाल खरंच खिशात होता.

"झालं बोलून?" ते म्हणाले. "आता ऐका. किल्ली आजपासून थोरल्याकडे. मुंगी ट्रॅक्टरला हात लावणार नाही. ओढ्याकडचं बटाट्याचं रान थोरला बघेल."

"आणि भाऊजींची कंबर?" धाकटीने विचारलं.

"कंबरेचं मी बघतो," थोरला म्हणाला.

"बघा की. रानाचं नाव काढलं की दुखणारी कंबर किल्ली दिसल्याबरोबर बरी झाली. डॉक्टरला सांगायला हवं."

"मी अजून तोंडही उघडलेलं नाही. माझ्यावर का घसरतेस?"

"तुम्हाला तोंड उघडायची गरज काय? मिटलेल्या तोंडात घास पडतोय."

थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, दाराला टेकून उभी होती. तिने जावेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातला टॉवेल घडी घालायला घेतला. थोरलीचं हे ठरलेलं होतं. बाजू घ्यायची वेळ आली की तिला घडी घालण्याजोगं काहीतरी सापडायचंच.

धाकटा, मुंगीचा बाप, भिंतीकडच्या बाकावर डावा पाय लांब करून बसला होता. त्याचा तो पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नव्हता. बायको सासऱ्याशी भांडत होती, लेकीचं रान जात होतं, आणि तो जमिनीकडे बघत होता. मुंगी उंबऱ्यावर बसली होती. बावीस-तेवीसची, बारकी, हनुवटीवर खरचटलेली. शहरातल्या औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून ती या रानात उतरली तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं; आता रानात हिरवं दिसायला लागल्यावर ते रान घराचं आहे अशी सगळ्यांना आठवण झाली होती. ट्रॅक्टर नाही तर रान नाही, आणि रान नाही तर मुंगीने परत जाऊन औषधाच्या बाटल्यांवरची धूळ पुसायची. एवढाच त्या किल्लीचा अर्थ होता, आणि तो खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता.

खिडकीपाशी शिलाई मशीनवर आत्या होती. आत्या ही खरं तर आबांची लेक. पण मुंगी तिला आत्या म्हणायला लागली आणि हळूहळू घरभर तेच झालं. ती कापडावर खडूने रेघा मारत होती. रेघ सरळ यावी म्हणून मशीनच्या खणातला पत्र्याचा एक जुना तुकडा तिने पट्टीसारखा धरला होता. गावातल्या निम्म्या अंगांची मापं तिच्या डोक्यात होती. स्वतःच्या भावांच्या मनाची मापं मात्र तिने घ्यायची सोडून फार वर्षं झाली होती.

सकाळी ती तिथे होती. मशीनचा दोरा आणायला बाजारात जायचं होतं, म्हणून मुंगीच्या शेजारी मडगार्डवर बसून गेली होती. मागे ट्रॉलीत बटाटे. वजनकाट्याच्या चढावर ट्रॅक्टर चढला, समोर काटेवाल्याची पत्र्याची केबिन, आणि केबिनच्या खिडकीतून काटेवाल्याचा हात: हळू, हळू. तेवढ्यात काट्याची लोखंडी फळी चाकाखाली धाडकन वाजली. मुंगी दचकली. पुढच्या क्षणी ट्रॅक्टर मागे कोणी लागल्यासारखा उधळला, काट्यावरून पलीकडे उतरला आणि केबिनच्या पोटात घुसला. केबिन कलली. काटेवाला, त्याची खुर्ची आणि त्याचा चहा एकाच कोपऱ्यात गोळा झाले. लागलं कोणाला नाही. चहा मात्र गरम होता, आणि तो काटेवाल्याच्या नेमका कुठे सांडला यावर रांगेतल्या ड्रायव्हरांनी पोट धरून चर्चा केली. दोघांनी फोनवर सगळं टिपलं. दुपारच्या आत ते थोरल्याच्या मुलाला दूरच्या शहरात पोहोचलं आणि त्याने तिथून हसरे चेहरे पाठवले.

काटेवाल्याने निरोप पाठवला होता: तुमच्या घरचं कुठलंही वाहन यापुढे माझ्या काट्यावर नको.

"सगळ्या बाजाराने पाहिलं," आबा म्हणाले. "उद्यापासून मी कुठल्या तोंडाने जाऊ तिकडे?"

"तुम्ही कशाला जाता? जाते मी," मुंगी उंबऱ्यावरून म्हणाली. "पाया पडून आलेय त्याच्या. केबिन सरळ करून देते म्हणाले. तो म्हणाला, आधी पँट दे."

थोरल्याला हसू आलं. आबांनी त्याच्याकडे बघितल्यावर ते खोकल्यात गेलं.

"हसण्यावारी नेऊ नका. एकदा या घरातल्या बाईमाणसाने ट्रॅक्टरवर हात टाकला, त्याचं फळ धाकटा अजून पायात घेऊन चालतोय. तेव्हाच मी ठरवलं होतं, या घरातली बाई ट्रॅक्टरवर बसणार नाही. मध्ये ढिलाई केली. माणूस मिळेना, म्हणून केली. ती माझी चूक."

आबांच्या तोंडी 'माझी चूक' हे शब्द आले की समजावं, चूक दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढते आहे.

आत्याकडे कोणी पाहिलं नाही. हे न पाहणं जुनं होतं. विषय निघाला की घर एकदम छताकडे, जमिनीकडे, नखांकडे बघायचं. पाहिलं असतं तर परवडलं असतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. मामा त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि खळ्याच्या तोंडाशी तो आडवा लावून आत जेवायला बसला होता. तो चार पावलं बाजूला घ्यायचा होता. ती बसली, सुरू केला, हलवला, आणि धाकटा, तेव्हा शाळेत जाणारं पोर, दगडी बांधावरून उडी मारून मध्ये आला. ती वेग कमी करायला गेली. ट्रॅक्टरने उडी घेतली. चाक आणि बांध यांच्यामध्ये त्याचा पाय. पुढचं सगळं कापसातून ऐकल्यासारखं. तिच्यासाठी स्थळं पाहायची पुढे राहून गेली. कोणी तसं म्हटलं नाही. पण जिच्या हातून भावाचा पाय गेला तिच्यासाठी दारोदार कोण हिंडणार? मशीन आलं. खिडकी मिळाली.

"जाऊ द्या हो आबा," थोरला म्हणाला. किल्ली मिळाल्यामुळे त्याला मोठेपणा सुचत होता. "होतं असं. माझं नाही का झालं सासुरवाडीला?"

"नको आता ते," थोरली म्हणाली, पण टॉवेलाआड तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"नको कशाला? नवा जावई मी. सासरे म्हणाले, बघू तरी जावईबापूंचा हात. बसलो त्यांच्या ट्रॅक्टरवर. सगळी सासुरवाडी ओळीने उभी. एक वळण झकास घेतलं. दुसऱ्याला म्हटलं जरा हळू करावं, तर तो रेडा थेट कोंबड्यांच्या खुराड्यात! बॉनेटवर कोंबडा, माझ्या डोक्यावर पिसं, आणि सासूबाई ओरडतायत, अहो कोंबड्या वाचवा, जावई राहू दे!"

हशा झाला. आबाही हसले. ही गोष्ट ते दर वेळी हसून ऐकायचे. धाकटीसुद्धा हसली असती, पण तिने गाल आतून चावून धरला. "आणि आपल्या चिरंजीवांनी काय केलं?" थोरला रंगात आला. "ट्रॅक्टरच्या प्रदर्शनात चालवून बघा म्हणाले. हा बसला. चहाच्या टपरीतून आत, बिस्किटांच्या बरण्यांतून बाहेर! रक्तातच आहे आपल्या."

आत्या रेघ मारता मारता थांबली.

थोरल्याच्या चुकीची गोष्ट झाली होती. त्याच्या पोराच्या चुकीचा विनोद झाला होता. तिच्या चुकीचा नियम झाला होता. हे तिला आजच कळलं असं नाही. हे ती बोबिन भरताना, काज करताना, रोज गिळत आली होती. पण आज सकाळी तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती, आणि ती घशाखाली उतरत नव्हती. मडगार्डवरून तिला मुंगीचा हात दिसला होता. चाकाजवळ रेसची दांडी असते, हाताने ट्रॅक्टरचा वेग कमी-जास्त करायची. मुंगीच्या हाताने ती दांडी घट्ट पकडली आणि खाली ओढली. ट्रॅक्टर उधळला तशी आणखी ओढली. खांदा वर, कोपर आत, जीव खाऊन. आत्याला ती हालचाल ओळखीची वाटली. ओळखीची कसली, तिचीच होती.

"मुंगे," ती म्हणाली, "सकाळी दांडी तू कुठे ओढलीस?"

या चर्चेत आत्याचा आवाज येणं हे धाकटीच्या आवाजापेक्षाही नवल होतं.

"खाली."

"का?"

"रेस कमी करायला." मुंगीने कपाळावर हात मारला. "मला माहितीय गं आत्या, चुकलं. महिनाभर नीट चालवतेय. डोकं जागेवर असलं की आठवतं. घाबरले की हात माझं ऐकत नाही."

"यात काय चुकलं?" थोरला म्हणाला. "खाली ओढली की रेस कमीच होते."

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं. "वाढते, काका."

"काहीतरीच. जन्म गेला माझा ट्रॅक्टरवर."

"घुम्यावर गेला. घुम्याचं तसं आहे, खाली कमी, वर जास्त. नव्याचं उलट आहे. दांडीशेजारी चित्रच लावलंय. वर कासव, खाली ससा."

घुम्या म्हणजे घरचा जुना ट्रॅक्टर. सुरू व्हायला तासभर विचार करायचा म्हणून घुम्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आता कायमचा विचारात पडला होता. थोरला, त्याचा मुलगा, आत्या, मुंगी, जो कोणी या घरात ट्रॅक्टर शिकला तो घुम्यावर शिकला.

"मग हे नवे कंपनीवाले उलट करायला लागले असतील," थोरला म्हणाला. पण त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप खालीवर होत होता. खुराड्याच्या दिशेने, फार वर्षांपूर्वीच्या.

"तुमच्या सासऱ्यांचा कुठे नवा होता?" थोरली एकदम बोलली. मग आपण बोललो हे लक्षात येऊन तिने घातलेली घडी मोडली आणि परत घालायला घेतली.

आत्या हातातल्या पत्र्याकडे बघत होती. बोटभर रुंद, तळहाताएवढा लांब. दोन टोकांना दोन भोकं. त्याच्यावरचा रंग घासून घासून गेला होता, तरी एका टोकाला दोन लांब कान अजून दिसत होते. हा पत्रा तिच्याकडे बाहुली खेळायच्या वयापासून होता. आबांनीच आणून दिला होता, खेळ म्हणून. शर्यतीचा खेळ. दुसऱ्या टोकाच्या गोल ठिपक्याला ती खडूची पूड लागलेल्या अंगठ्याने पुसत राहिली. ते कासव होतं.

ती उठली. कात्री ठेवली, पत्रा ठेवला नाही.

"कुठे चाललीस?" आबांनी विचारलं.

"मागे."

"बोलणं चाललंय इथे."

"चालू द्या. तुम्हाला माझी गरज कधी लागली?"

ती गेली. मुंगी तिच्यामागे गेली. धाकटाही उठला, भिंतीला धरून, पाय ओढत, आणि धाकटीने नवऱ्याला इतक्या चटकन उठताना फार दिवसांनी पाहिलं.

शेडमध्ये घुम्या पोत्यांच्या आणि मोडक्या फवाऱ्याच्या मधे उभा होता. सीटमधून काथ्या बाहेर आलेला, दिव्याच्या खाचेत चिमण्यांनी केलेलं घरटं. आत्या पायरीवर चढली. ज्या ट्रॅक्टरवर ती शिकली होती त्याच्यावर त्या दिवसानंतर तिने पाय ठेवला नव्हता. रेसची दांडी होती तिथेच होती, मुठीपाशी घराच्या सगळ्या हातांनी गुळगुळीत झालेली.

"खाली वाकून बघ," ती मुंगीला म्हणाली. "दांडी हलवते मी."

मुंगी बॉनेटच्या बाजूने वाकली. दांडीपासून इंजिनाकडे एक सळई जात होती. तिथे एक आडवी पट्टी होती, मधोमध खिळलेली, दोन टोकांना दोन भोकं. सळई वरच्या भोकात तारेने बांधली होती. तार जाड, गंजलेली, पक्क्या हाताने पिळलेली. खालचं भोक रिकामं होतं. सळईच्या टोकाचं, त्या भोकात बसवण्यासाठी दिलेलं वळण मात्र तसंच होतं, पाहुण्यासारखं अवघडून.

"आत्या, हे खालच्या भोकात हवं." मुंगीचा आवाज पोकळ आला. "खाली असतं तर हाही बाकीच्यांसारखाच चालला असता. कोणीतरी चुकून वर लावलंय."

"कोणीतरी कशाला? घुम्याला आबांशिवाय कोणी पाना लावलेला नाही."

आत्याने दांडीशेजारची धूळ तळव्याने पुसली. घुम्याचा रंग उन्हाने उडून वीटकरी झाला होता, पण दांडीच्या कडेला एक चौकोन अजून लालभडक होता. बोटभर रुंद, तळहाताएवढा लांब. दोन टोकांना स्क्रूची दोन भोकं. तिने पत्रा त्याच्यावर ठेवला. तो असा बसला की जणू काल काढला होता. वर कासव, खाली ससा.

 मग धाकटा म्हणाला, "मला तुझा हात आठवतो."

आत्या त्याच्याकडे वळली. या विषयावर तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता.

"मी बांधाला चिकटलो होतो आणि तू दांडी ओढत होतीस. सारखी ओढत होतीस. ट्रॅक्टर आणखी येत होता आणि तू आणखी ओढत होतीस." त्याने मडगार्डचा आधार घेतला. "मला वाटायचं, तुला थांबायचंच नव्हतं. त्या सकाळी मी तुझी रिबीन कापली होती ना, कात्रीने. म्हणून."

"अरे, मी थांबवत होते."

"ते आत्ता कळतंय."

इतकी वर्षं एका छताखाली, एका ताटलीतले दाणे वाटून घेत राहिलेली ही भावंडं. एकाने मनात धरलं होतं की बहिणीने रिबिनीसाठी पाय घेतला, आणि दुसरी समजत होती की भाऊ बोलत नाही ते माफ केलं म्हणून. आत्याला रडू आलं नाही. राग इतका स्वच्छ होता की त्यात पाण्याला जागा नव्हती. तिने पत्रा उचलला आणि खाली उतरली.

बाहेरच्या खोलीत थोरला किल्ली बोटावर फिरवत होता. आत्याने पत्रा आबांच्या समोर टेबलावर ठेवला.

"हा कुठला?"

आबांनी चष्मा लावला. वेळ काढायला चष्म्यासारखं साधन नाही. "तुझं खेळणं ना ते? अजून ठेवलंस?"

"घुम्यावरचा आहे. आत्ता लावून बघितला."

"असेल. सुटून पडला असेल, दिला तुला."

"सुटला नाही, काढला. दोन स्क्रू फिरवून काढला. सळई तुम्ही उलटी बांधलीत, चित्र खोटं पडायला लागलं, म्हणून चित्र काढलंत."

थोरल्याच्या बोटावरची किल्ली फिरायची थांबली. "उलटी?"

"तुमच्या खुराड्याचं कारण हे, काका," मुंगी दारातून म्हणाली. "आणि टपरीचं. आणि आजचं. आपण सगळे घाबरलो की रेस कमी करायला जातो आणि फुल करून ठेवतो. असं दुसरं घर जगात नसेल."

थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासुरवाडीने आजतागायत त्याला 'खुराडा' म्हणून हाक मारली होती, मेहुण्यांच्या पोरांनीसुद्धा. ज्या गोष्टीवर तो स्वतः सगळ्यात मोठ्याने हसायचा, तिच्यावर हसायला त्याला किती जोर लावावा लागायचा हे थोरलीला एकटीला माहीत होतं.

"आबा," तो म्हणाला, "हे खरं आहे?"

"ओरडू नकोस. तो ट्रॅक्टर मी माझ्या हाताने उभा केला. सळई तुटली तेव्हा मेकॅनिक नव्हता, रान पडून होतं. बांधली तशी बांधली. चाळीस वर्षं चालला का नाही? त्यावर तुम्ही सगळे जेवलात का नाही? दांडी वर काय आणि खाली काय. घरच्यांना सवय झाली होती."

"मग नंतर मेकॅनिक आला तेव्हा?" धाकटीने विचारलं.

"काय सांगणार होतो त्याला? मी उलटी बांधली म्हणून?" आबांचा आवाज चढला आणि शेवटाला चिरला. "पाहुणे माझ्याकडे मशिनं दुरुस्त करून न्यायचे. गावात नाव होतं."

म्हणजे नाव राखलं. एका सळईची जागा बदलायला जितका वेळ लागतो तितक्यात मिटलं असतं. पण चूक झाली असं एकदा तोंडाने म्हणावं लागलं असतं. त्याऐवजी एका माणसाने अख्ख्या घराचे हात उलटे शिकवले, आणि ते हात ज्यांच्या ज्यांच्यावर आपटले त्या सगळ्यांना वेंधळे ठरवून तो खुर्चीत बसून राहिला. अशी सरकारं घरोघर असतात.

थोरलीने टॉवेल खुर्चीवर टाकला. घडी न घालता. ती पुढे आली, नवऱ्याच्या बोटातून किल्ली काढून घेतली आणि शिलाई मशीनच्या फळीवर, आत्याच्या कात्रीशेजारी ठेवली. नवऱ्याने हाताची मूठ मिटली नाही. या एका गोष्टीसाठी थोरलीने त्याला पुढे बरंच काही माफ केलं.

"ठीक आहे," आबा म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. "पोरगी चालवू दे. काटेवाल्याशी मी बोलतो. झालं ना समाधान? आता चहा टाका कोणीतरी."

कोणी हललं नाही.

"चहा नंतर," आत्या म्हणाली. "तुम्ही आम्हाला लहानपणापासून एक सांगत आलात. परक्याच्या ट्रॅक्टरवर बसू नये. आम्हाला वाटायचं, केवढा हा स्वाभिमान. गावात कोणाचं मशीन अडलं की तुम्ही पाना घेऊन जायचात, दुरुस्त करायचात, पण चालवून बघायला दुसऱ्याला सांगायचात. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा तुम्ही फोटोपुरते चढलात आणि हात मांडीवर ठेवलेत. मी बघत होते. आज कळलं का ते. तुमचा हात कुठे जाईल हे तुम्हाला माहीत होतं."

आबांनी चष्मा काढला. काढल्यावर त्यांचे डोळे लहान आणि ओले दिसले, पण ते वयानेही दिसतात, त्यावरून काही ठरवता येत नाही.

"जुनं झालं ते."

"पाय जुना झालेला नाही."

धाकट्याने बाक ओढला. लाकूड फरशीवर करकरलं. तो बापाच्या अगदी समोर बसला आणि न वाकणारा पाय खुर्चीखालपर्यंत लांब केला, असा की उठायचं तर आबांना तो पाय ओलांडून जावं लागलं असतं.

"विचार तू," तो बहिणीला म्हणाला. "मी इथेच बसलोय."

"मामाचा ट्रॅक्टर खळ्याच्या तोंडाशी होता," आत्या म्हणाली. तिचा आवाज माप सांगताना असायचा तसाच होता, ना वर ना खाली. "तुम्ही त्याच्या शेजारी उभे होतात. तुमचे हात रिकामे होते. मी विहिरीवर होते. तुम्ही मला हाक मारलीत. लांबून. मी घागर ठेवून धावत आले. चार पावलं हलवायचा होता तो, आबा. तुम्ही शेजारी उभे होतात आणि मला म्हणालात, बस, तू घे."

ती थांबली. टेबलावरच्या पत्र्यावरचे दोन कान छताकडे बघत होते.

"तुम्ही का नाही बसलात?"